लिंदामायने उचललेला पोंचो

आमच्या डोंगरावरच्या वायरापुंगोत येऊन एर्मेलिंदा नाउला कुठं राहते असं विचारलंत, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. लिंदामाय म्हणा, कुत्रीसुद्धा शेपटी हलवतील. तिच्या फडक्यात कायम उकडलेला मका बांधलेला असायचा. कुठल्याही घरात शिरायच्या आधी ती दारावरच्या कुत्र्याला मूठभर टाकायची. म्हणायची, "आधी राखणदाराला लाच, मग मालकाला नमस्कार."

बांधा ठेंगणा, चाल बदकासारखी, जीभ मिरचीसारखी. पोरवयात शहरात कुणाच्या तरी घरी भांडी घासायला होती. तिथून पळून आली ती परत कधी गेली नाही. चार पोरं झाली, नवरा खाली किनाऱ्याकडं केळीच्या मळ्यात तापानं गेला, पोरं मोठी होऊन पांगली. मग एके दिवशी परगण्याच्या पंचायतीनं तिला निळं जाकीट दिलं आणि वरच्या वस्त्यांतल्या अपंग पोरांकडं घरोघर जायचं काम लावलं. शिकलेल्या पोरी आधी ठेवून बघितल्या होत्या, पण त्या कुत्र्यांना भिऊन पहिल्याच उतारावरून परत फिरायच्या. लिंदामाय कुत्र्यांना भीत नव्हती आणि माणसांना तर अजिबातच नाही.

काम काय, तर आखडलेले हातपाय चोळून मोकळे करायचे. ठसका न लागता घास कसा भरवायचा, पाठीला चट्टे पडू नयेत म्हणून कूस कशी बदलायची, हे आईला शिकवायचं. आई मेंढरं घेऊन गेली की पोराजवळ कुठल्या शेजारणीनं बसायचं, ते भांडून ठरवायचं. आणि पोर आतल्या खोलीत मेंढीच्या कातड्याआड दडवलेलं असेल, तर ओढून उन्हात आणायचं. आमच्यात पूर्वी अशी पोरं झाकूनच ठेवायचे. "कोंबडीचं आजारी पिल्लू उन्हात ठेवतेस," ती आयांना म्हणायची, "आणि पोटचं अंधारात? लाज कुणाची वाटती गं तुला, त्याची का तुझी?"

लाज हा शब्द तिच्या तोंडी फार. नंतर तोच तिच्या मानगुटीवर बसला.

बाल्बिनाचा लिसार्दो तिचा सगळ्यात लाडका. तो जन्मला निळा, उशिरा रडला. हातपाय दोरखंडासारखे पिळलेले, मान डुगडुगती, जिभेला शब्द नाही. गाव म्हणायचं, देवाचं कोकरू आहे, त्याला काय कळतंय! त्यामुळं त्याच्यासमोर लोक काय वाट्टेल ते बोलायचे. बाल्बिनाच्या चुलीशी बसून गावातल्या सेसारिओनं आपण एकदा कुणाचा मेंढा चोरून रातोरात खालच्या बाजारात विकला, तेसुद्धा सांगितलं होतं. चुलीमागं कुईंचं, खायला पाळलेल्या गिनीपिगांचं, खिल्लार किचकिच करत होतं आणि लिसार्दो कातड्यावर पडून होता. सेसारिओनं दोघांनाही सारखंच धरलं.

लिंदामायनं मात्र पाहिलं, की बाल्बिनानं कोंबड्याला शिवी हासडली की पोराचं पोट हलतं. कोंबडा नुसता आरवला की हलत नाही. म्हणजे शिवी कळते. मग ती हटून बसली. होय म्हणायचं असेल तर छताकडं बघ, नको असेल तर भिंतीकडं तोंड कर. एक पावसाळा गेला, सातूची कापणी आली. एके दिवशी तिनं विचारलं, "साखर घालू का रं?" आणि लिसार्दोचे डोळे सावकाश, थरथरत, छताकडं गेले. लिंदामाय पातेलं हातात घेऊन अंगणात नाचली. बाल्बिनाला वाटलं घराला आग लागली.

तेव्हापासून दोघांच्या गप्पा. कुठला सदरा, कुठलं गाणं, दुखतंय का, कुठं दुखतंय. पुढं त्याला मिसरूड फुटलं. आईनं वस्तरा आणला तर पोरानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"ठेवायची व्हय मिशी?" लिंदामायनं विचारलं. डोळे छताला.

"पोरींसाठी?"

त्यावर तो हसला. लिसार्दोचं हसणं म्हणजे गाढवाला उचकी लागल्यासारखा आवाज. एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. पण त्या घराबाहेर तो कुणी ऐकलाच नव्हता.

मिशी आली तसं अंगही भरलं आणि बाल्बिनाची पाठ गेली. घर उताराच्या कडेला, परसाकडं जायचं ते लसूणघासाच्या वावरात. एवढ्या मोठ्या मुलाला पाठीशी चादरीत बांधून ती चिखलातनं न्यायची. दोनदा दोघंही घसरून पडले. परगण्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हे असं चालणार नाही, मुलाला शहरातल्या आश्रमात ठेवा. बाल्बिना लिंदामायच्या पायाशी बसली. "तितं त्याची भिंत आन् छत कोन वाचनार, माय? पडून पडून मरंल त्यो."

उपाय साधा होता. दारापर्यंत पक्की वाट, घराला लागून संडास, आत चाकाची खुर्ची जाईल एवढं दार. सिमेंट आणि खुर्ची पंचायत देणार होती. हात गावानं द्यायचे, म्हणजे मिंगा व्हायला हवी. आमच्याकडं मिंगेला दर घरातनं एक माणूस येतो, न आला तर दंड. पण कुणाच्या घरासाठी मिंगा घ्यायची ते सभा ठरवते. आणि सभेचा रिवाज असा, की मागणाऱ्यानं उभं राहून आपलं दुःख सगळ्यांदेखत उघडं करून दाखवायचं. दाखवलं नाही तर गाव फावडं उचलत नाही. मागं एकानं छपरासाठी कोरड्या डोळ्यांनी मागितलं, त्याला नाही मिळालं. दुसरा रडला, पायाची जखम सोडून दाखवली, त्याला कौलंसुद्धा मिळाली.

लिंदामाय बाल्बिनाला म्हणाली, "रविवारी लिसार्दोला घिऊन ये."

"त्याला कशाला?"

"बघितल्याबिगर ह्यांचं हात हलत न्हाईत. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

साखर घालू का म्हणून ज्याला विचारायची, त्याला हे मात्र तिनं विचारलं नाही. घाईत राहिलं म्हणा, नाहीतर नको ते उत्तर येईल म्हणून टाळलं म्हणा.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर सभा भरली. अध्यक्ष देल्फिनतात्या टेबलाशी, बापे एका बाजूला टोप्या मांडीवर घेऊन, बाया दुसऱ्या बाजूला खाली. लिसार्दोला भिंतीशी कातड्यावर टेकवून ठेवलेलं. मी त्याच्याच पलीकडं लोकर कातत बसले होते. लिंदामायनं मागणी मांडली आणि सेसारिओ उठला.

"आधी पाटाचं काम, मग संडास. आमी कुटं जातो? लसूणघासात! घास बी कसा तरारून येतो बघा!"

सभा हसली. देल्फिनतात्यासुद्धा मिशीत हसला. "लिंदामाय," तो म्हणाला, "पाट फुटलाय, आता मिंगा काढायची म्हंजे अवघड हाय. फुडल्या साली बघू."

पुढच्या सालापर्यंत पोर शहरात गेलेलं असणार. लिंदामायला ते दिसत होतं. तिनं जाकीट सावरलं आणि बोलायला लागली. बाल्बिना मेंढरांमागं गेली की लिसार्दो कसा ओल्यात पडून राहतो, ते सांगितलं. आई त्याला कशी पुसते, कुठं पुसते, किती चिंध्या लागतात, मोठा झाल्यावर आता काय काय होतं आणि आईला ते कसं बघावं लागतं, सगळं. बाया शाली तोंडाला लावायला लागल्या. अजून थोडं कमी पडतंय असं तिला वाटलं असावं. ती लिसार्दोपाशी आली, वाकली आणि त्याच्या अंगावरचा लोकरी पोंचो कमरेपर्यंत वर उचलला.

"बघा! आत्ताबी बघा!"

विजार ओली होती.

लिसार्दोनं तोंड भिंतीकडं फिरवलं. मानेच्या शिरा ताणून, गाल विटांना घासेपर्यंत फिरवलं. मी बघितलं. आणि लिंदामायनं बघितलं हेही मी बघितलं. ती भाषा तिनंच शिकवलेली, दुसऱ्या कुणाला नाही तरी तिला ती वाचता येत होती. पोंचोचा काठ बोटभर खाली आला. मग तिनं पोंचो तसाच धरून ठेवला. बाप्यांच्या बाजूनं कुणीतरी नाक ओढलं आणि पहिला हात वर झाला. मग सगळे.

मिंगा झाली. फावडी, कुदळी, बायांच्या पाठीवर दगड, दुपारी बटाटे आणि भाजलेली कुई, मक्याची आंबट दारू. वाट झाली, संडास झाला, निलगिरीच्या फळ्यांचं रुंद दार लागलं. देल्फिनतात्यानं दार दोनदा उघडून लावून दाखवलं, जसं काही आतून पाद्रीच निघणार आहे.

मंगळवारी लिंदामाय बाल्बिनाच्या कुत्र्याला मका टाकून आत गेली. "साखर घालू का रं?"

भिंत.

"दुखतंय?"

भिंत.

"गानं लावू?"

भिंत. आईनं काही विचारलं की डोळे छताकडं जायचे, लिंदामायनं विचारलं की तोंड फिरायचं. हात लावला तर अंग लाकडासारखं ताठ. आणि संडास? खुर्ची त्या दाराशी नेली की पोर असं काही आखडायचं की बाल्बिनाला परत फिरावं लागायचं. शेवटी पुन्हा पाठ, पुन्हा चादर, पुन्हा लसूणघास.

गावात चार तोंडं. "एवढं राबलो, आन् ह्या बाईला पोराला संडासात बसवता येत न्हाई?" सेसारिओनं त्या संडासाला 'मुतऱ्याचा महाल' नाव दिलं. शाळेतल्या पोरांनी ते उचललं. बाल्बिनाच्या दारावरनं जाताना "ए ओल्या!" म्हणून ओरडायची आणि पळायची. दडवलेलं होतं तेव्हा पोराला नाव तरी लिसार्दोच होतं.

लिंदामायला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजाराला जाताना ती वरच्या आडवाटेनं जायला लागली. घरोघरी जायची, काम करायची, पण आयांना ते कोंबडीच्या पिल्लाचं बोलणं बंद झालं. मका फडक्यात आंबायला लागला. कुणी लिसार्दोचं विचारलं की खोकल्याचं निमित्त करून तोंड वळवायची. खोकलताना मांड्या आवळून उभी राहायची. त्याचं कारण तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

एका मंगळवारी ती त्याच्या कातड्याशी बसली आणि म्हणाली, "चुकलं माजं. तू न्हाई म्हनालास, मला कळलं व्हतं. तरी मी उचललं. ह्या घरातनं तू जाऊ नयेस म्हनून उचललं. पर उचललं."

भिंत.

बाल्बिना चुलीशी बटाटे सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "माय, राग येऊ दे न्हाई तर न येऊ दे. उगडं केलंस चारचौगात, आन् माफी मागायला येतीस चुलीपाशी."

लिंदामाय उठली, मका न टाकताच निघाली. कुत्रं फाटकापर्यंत तिच्या मागं गेलं.

पुढच्या सभेत तिला पुन्हा मागणं मांडायचं होतं, मेल्चोरा नावाच्या बाईच्या मुलीसाठी. त्या पोरीला फेफरं येतं. चूल जमिनीवर, त्यामुळं ती दोनदा विस्तवात पडली. चूल ओट्यावर चढवून भोवती कठडा घालायला हवा होता. भाजल्याचे डाग कुठं आहेत ते लिंदामायला माहीत होतं. या वेळी तिनं आधी मुलीला विचारलं, "सभेत सांगू का गं?" पोर म्हणाली, "मेले तरी नगं."

त्या रविवारी बाल्बिनाही आली. ज्याच्या घरची मिंगा झाली त्यानं पुढच्या सभेत घागरभर दारू आणून गावाचे उपकार मानायचे असतात. लिसार्दो खुर्चीत होता, केस ओले करून भांग पाडलेला, मिशीला तेल. बाल्बिना दारातच मला म्हणाली, "इचारून आनलाय. दोनदा इचारलं."

लिंदामाय उभी राहिली. आवाज नेहमीचा नव्हता. "मेल्चोराच्या घरची चूल वर चढवायची हाय आन् कठडा घालायचा हाय. मिंगा पायजे. का पायजे ते मी सांगनार न्हाई."

"सांगनार न्हाई?" सेसारिओनं टोपी मागं सारली. "हे काय नवीन? मागच्या येळी तर पोंचो उचलून दावला व्हतास! आज काय झालं, उचलायला काय घावलं न्हाई व्हय?"

हशा पिकला. लिंदामायचा चेहरा काळाठिक्कर पडला. मेल्चोराची पोर आईच्या पाठीमागं लपली.

"त्या दिशी मी वाईट केलं," लिंदामाय म्हणाली. "त्यो 'न्हाई' म्हनत व्हता."

"कोन?"

"लिसार्दो."

"ते बोलतंय व्हय!"

"बोलतो. छताकडं बगितलं की होय, तोंड भिंतीकडं केलं की न्हाई. मला दिसत व्हतं. मी त्याचं 'न्हाई' पायाखाली घातलं, तुमचं हात वर व्हावं म्हनून."

सभा थोडी चुळबुळली. देल्फिनतात्या घसा साफ करून म्हणाला, "असंल माय, पर रिवाज हाय. गावानं घाम गाळायचा तर गावाला कळाया नगं का, कशापायी ते?"

"कळाया पायजे?" लिंदामाय दोन पावलं पुढं आली. "उगडंच बगायचं असंल तर माजं बगा. चौथ्या बाळंतपनापासनं माजं मूत ठरत न्हाई. शिंकले की जातं, खोकले की जातं. मिंगेत मी पाटाच्या वरच्या अंगाला कधी उभी ऱ्हाते का? न्हाई! खालच्यांना आयतं गरम पानी मिळाया नगं म्हनून!"

कुणी हसलं नाही. बाया जमिनीकडं बघत होत्या. त्यातल्या निम्म्या जणींचं तेच दुखणं, मला विचारा.

"ह्या निळ्या जाकिटाखाली मी चिंध्या बांधून हिंडते, आन् दुसऱ्याच्या पोराच्या चिंध्या मी तुमाला मोजून दावल्या. आत्ताबी ओली हाय, तात्या. उचलू का परकर?"

आणि तिनं खरंच परकराचा काठ मुठीत धरला.

"बस, माय! बस खाली!" देल्फिनतात्या टेबलावर हात आपटत ओरडला. बापे भराभरा टोप्यांत बघायला लागले. बाहेर बांधलेल्या मेंढराचं रवंथ ऐकू यायला लागलं.

तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. गाढवाला उचकी लागल्यासारखा. एकदा, मग पुन्हा. लिसार्दो हसत होता. मान मागं टाकून, डोळे छताला लावून, मिशी थरथरवत हसत होता. ज्याला 'मुतऱ्याचा महाल' मिळाला होता, त्याला तो विनोद आमच्या सगळ्यांच्या आधी कळला होता.

सगळ्या माना तिकडं वळल्या. आणि मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडत गेलेला मी बघितला. हे जर कळतंय, तर ते सगळंच कळलंय. त्या चुलीशी बसून आम्ही बोललो ते सगळं. बायका-सुनांचं, दारूचं, कुणाच्या पोराचा बाप कोण याचं. सेसारिओनं टोपी डोक्यावरनं काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ज्याचा मेंढा गेला होता तो माणूस त्याच्या शेजारीच बसला होता. लिसार्दोनं हसता हसता डोळे खाली आणले ते थेट सेसारिओवर. सेसारिओनं तोंड भिंतीकडं केलं.

"मत घ्या," देल्फिनतात्या हळू म्हणाला.

हात वर गेले, मागल्यासारखे धडाधड नाही. सावकाश, कोपर टेकवून. कुणी वर केले नाहीत तेही होते.

"ह्याचं मत धरायचं का?" बाल्बिनानं विचारलं. लिसार्दोचे डोळे छताला होते.

देल्फिनतात्यानं लिंदामायकडं बघितलं. ती खाली बघत होती. मग त्यानं सरळ लिसार्दोला विचारलं. गावाच्या अध्यक्षानं त्या पोराला विचारलेला तो पहिला प्रश्न. "बाबा, तुजं होय धरू का?"

डोळे हलले नाहीत. तात्यानं धरलं.

चूल झाली, पण पाटाचं काम झाल्यावर. मधल्या काळात मेल्चोराची पोर पुन्हा एकदा भाजली. त्याचा बोलही लिंदामायच्या वाट्याला आला. मेल्चोरा तिला म्हणाली, "दावलं असतंस तर लवकर झाली असती." लिंदामायनं लोण्याचं भांडं जवळ ओढलं. ती मुलीच्या हाताला लोणी लावत बसली.

मंगळवारी ती बाल्बिनाकडं गेली. मी मीठ मागायला गेले होते, म्हणून बघितलं.

"साखर घालू का रं?"

त्यानं आधी तिच्याकडं बघितलं. मग भिंत. पण मान पूर्वीसारखी ताणून नाही, बिनसाखरेचा चहा मागणाऱ्या माणसासारखी.

"बरं. संडासला जायाचं?"

छत.

लिंदामाय झटकन खुर्चीमागं गेली. भिंत. ती थांबली, हात मागं घेतले. बाल्बिना हात पुसत आली, तिनं खुर्ची वळवली आणि नव्या वाटेनं ढकलत नेली. निलगिरीचं दार करकरलं आणि लागलं.

फाटकाबाहेर शाळेची पोरं रेंगाळत होती. लिंदामाय जाऊन त्या दारापुढं उभी राहिली, दाराकडं पाठ करून. आतून बाल्बिनाची हाक आली तरीही तिनं वळून बघितलं नाही. कुत्रं येऊन पायाशी बसलं. तिनं फडकं सोडलं आणि त्याला मका टाकला.